मीटबॉलची ग्रेव्ही फुटली तेव्हा: गोथेनबर्गमधल्या एका स्वयंपाकघराचं प्रकरण

पार्श्वभूमी

घर गोथेनबर्गमधलं, भाड्याचं. माणसं चार: मुलगा, सून, नऊ वर्षांची नात आणि साताऱ्याहून तीन महिन्यांसाठी आलेल्या सासूबाई. नावं मुद्दाम घेत नाही. कुटुंबाला स्वीडनमध्ये येऊन जेमतेम चार महिने झाले होते. मोठ्यांचं स्वीडिश ‘तक’ आणि ‘हेय’च्या पुढे गेलं नव्हतं. नात मात्र ऑगस्टपासून शाळेत जात होती आणि घरातली एकमेव दुभाषी झाली होती.

शेजारी एक साठी ओलांडलेलं स्वीडिश जोडपं. सप्टेंबरमध्ये त्यांनी या मंडळींना रानात नेऊन पिवळ्याधमक कान्तारेल अळंब्या गोळा करायला शिकवलं होतं, निम्मा वाटाही दिला होता. त्याची परतफेड म्हणून नोव्हेंबरातल्या एका रविवारी त्यांना साडेपाचला जेवायला बोलावलं. शनिवारी घरात सामिष शिजत नाही, म्हणून रविवार. मला आणि माझ्या नवऱ्यालाही बोलावणं होतं, म्हणजे पानं आठ. मी इथे बरीच वर्षं असल्याने काकडीची प्रेसगुर्का माझ्याकडे सोपवली होती. काकडीचे पातळ काप दाबून पाणी काढायचं आणि साखर, व्हिनेगर, पार्स्ली घालून मुरवायचं, एवढंच काम.

बेत शॉतबुल्लारचा, म्हणजे स्वीडिश मीटबॉलचा. ‘त्यांना त्यांचंच जेवण कशाला? पुरणपोळी करा,’ असं मी सुचवलं होतं. सूनबाई हटून बसली, कारण नातीला शाळेत हे जेवण आवडलं होतं आणि तिला ते घरी हवं होतं. हे कारण मला पटलं.

या पदार्थाबद्दल एक गोष्ट जाता जाता. २०१८ साली स्वीडनच्या अधिकृत ट्विटर खात्याने जाहीर करून टाकलं की आपले मीटबॉल मुळात राजा बाराव्या कार्लने अठराव्या शतकाच्या सुरुवातीला तुर्कस्तानातून आणलेल्या कृतीवर बेतलेले आहेत. १७०९ मध्ये पोल्तावाला रशियाकडून हरल्यावर हा राजा पाच वर्षं ऑटोमन, म्हणजे तुर्कांच्या, मुलखात अडकला होता, एवढं खरं. पण गोळ्यांचं श्रेय त्याला द्यायला इतिहासाचे अभ्यासक तयार नाहीत. सासूबाईंना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, ‘खिम्याचे गोळे करायला राजा कशाला लागतो?’

गोळ्यांपेक्षा खरा प्रश्न असतो तो त्यांच्यावरच्या सोसचा. नाताळच्या पंगतीत, युलबोर्डवर, हे गोळे बहुतेक कोरडेच मांडतात. रोजच्या जेवणात मात्र उकडलेला किंवा कुस्करलेला बटाटा, लिंगोन या आंबट रानफळाचा जॅम, काकडी आणि या सगळ्यांना एकत्र आणणारी ग्रेदसोस. ग्रेदसोस म्हणजे सायीची, फिकट तपकिरी, मऊसूत ग्रेव्ही. ती नसली तर ताट सुटं सुटं वाटतं, आमटीशिवाय भात वाढल्यासारखं.

अडचण

मी पावणेपाचला पोचले तेव्हा बाहेर मिट्ट काळोख होता आणि आत घरभर धूर. शेगडीवरच्या पातेल्यात राखाडी पाणी, त्यात तरंगणारे पांढरे कण आणि तळाला लिंबाएवढ्या पिठाच्या गुठळ्या. सूनबाई रडवेली झाली होती. पाहुणे यायला पाऊण तास होता, आणि इथे साडेपाच म्हणजे साडेपाच.

एका चुकीने इतकं बिघडत नाही. मागून सगळ्यांना विचारून मी त्या दुपारचा क्रम लावला, तो असा.

शनिवारी मुलगा दुकानात गेला. फोनवरच्या यादीत ‘क्रीम’ होतं. दुधाच्या कपाटात त्याला ‘ग्रेद’ने सुरू होणारा शब्द दिसला, किंमतही कमी, म्हणून दोन डबे उचलले. ते होतं ग्रेदफील. ‘ग्रेद्दे’ म्हणजे साय, पण ‘फील’ म्हणजे आंबवलेलं दूध. ग्रेदफील हे बारा टक्के स्निग्धांशाचं आंबट क्रीम आहे, आपल्या चक्क्याचं पातळ भावंड. कांद्याची पात घालून बटाट्याच्या वेफर्सबरोबर खायला छान. उकळत्या ग्रेव्हीत त्याचं काही काम नाही.

त्याच फेरीत त्याने काल्वफॉन्दची बाटली घेतली. फॉन्द म्हणजे आटवलेला, दाट केलेला हाडांचा रस. बऱ्याच स्वीडिश घरांत ग्रेव्हीला रंग आणि खोली त्यातून येते. बाटली उघडायच्या बेतात असताना, सव्वाचारच्या सुमारास, नात ओट्यापाशी आली आणि वाचून म्हणाली, ‘आई, काल्व म्हणजे गाईचं बाळ ना?’ बाटली तिथेच थांबली. या घरात गोमांस कोणीच खात नाही. म्हणून तर गोळेही चिकनच्या खिम्याचे केले होते. इथली नेहमीची कृती गाय आणि डुक्कर यांच्या मिश्र खिम्याची असते. फॉन्द गेल्यावर तिच्याजागी काय, याचा विचार करायला वेळ नव्हता. हातात आली ती भाज्यांच्या स्टॉकची वडी.

तोवर तव्यावर वेगळंच चाललं होतं. एक किलो खिम्याचे गोळे चार घाण्यांत तळायचे होते. आच पूर्ण मोठी आणि दोन घाण्यांमध्ये तवा पुसला नव्हता. चिकनच्या खिम्याला पाणी सुटतं, गोळे मऊ असतात, त्यांच्यातून ब्रेडचा चुरा आणि किसलेला कांदा गळत राहतो. पहिल्या घाण्याला हा चुरा सोनेरी झाला, दुसऱ्याला तपकिरी, तिसऱ्याला कोळसा. मग त्याच तव्यात पाणी ओतून तळ खरवडला, कारण कृतीत ‘तव्याचा तळ वाया घालवू नका’ असं लिहिलं होतं. सल्ला बरोबरच आहे, फक्त तो तपकिरी तळासाठी आहे.

ते काळसर पाणी वडीबरोबर पातेल्यात उकळलं आणि उकळत्या पाण्यात मैदा घातला. कसा? पेरला. पिठलं करताना बेसन पेरतात तसा, एका हाताने पीठ सोडत, दुसऱ्या हाताने ढवळत. गुठळ्या झाल्या. त्यावर ग्रेदफीलचे दोन्ही डबे एकदम, थेट फ्रीजमधून. दोन मिनिटांत सगळं फुटलं.

आता एक बारीक गोष्ट, जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. हे तासभर चाललं, पण कोणी एकदाही चाखून बघितलं नाही. सासूबाईंच्या घरात शिजताना अन्न चाखत नाहीत, ते उष्टं होतं. सूनही त्याच वळणाची. मिठाचा अंदाज हाताला, शिजल्याचा अंदाज नाकाला. रोजच्या आमटीसाठी ही पद्धत अचूक चालते, कारण ती आमटी हाताने दहा हजार वेळा केलेली असते. इथे हाताला काहीच ठाऊक नव्हतं.

बिघाड कुठे आहे हे शेवटी ओळखलं ते सासूबाईंनी, आणि तेही न चाखता. मी येण्याआधीच त्यांनी ग्रेदफीलचा रिकामा डबा नाकाशी धरला होता. ‘अगं, ही साय नव्हे. हे दही आहे. दही असं उकळत्यात ओततात का कोणी?’

असं का झालं

दूध आंबलं की त्यातली केसीन नावाची प्रथिनं एकमेकांना चिकटायच्या बेतात येतात. दही घट्ट होतं ते त्यामुळेच. त्याला जोराची उष्णता दिली की ती आकसतात, पाणी बाहेर टाकतात आणि कण होतात. ताकाची कढी फुटते ती अशीच. कढीला आपण बेसन लावतो ते नुसतं दाटपणासाठी नसतं. पिठातला स्टार्च फुगून प्रथिनांच्या मधे येतो आणि त्यांना एकमेकांना धरू देत नाही. म्हणून बेसन थंड ताकातच कालवायचं असतं.

मग इथे मैदा होता ना? होता, पण गुठळ्यांत. कोरडं पीठ उकळत्या पाण्यात पडलं की बाहेरचा थर लगेच फुगून चिकट होतो, आतलं पीठ कोरडंच राहतं आणि पाण्याला आत जायला वाट उरत नाही. म्हणजे गुठळ्या दिसायला वाईट एवढंच नाही. जे पीठ सोसला सांभाळणार होतं ते त्यांच्या पोटात अडकलं होतं. गुठळ्या आणि फुटणं या दोन वेगळ्या अडचणी नव्हत्या. पहिलीने दुसरीला दार उघडून दिलं.

घट्ट साय, म्हणजे विस्पग्रेद्दे, असं करत नाही. तिच्यात छत्तीस ते चाळीस टक्के स्निग्धांश असतो, प्रथिनं त्या मानाने थोडी आणि आंबटपणा नाही. ती खुशाल उकळता येते. पुण्या-मुंबईत मिळणारं पाकिटातलं फ्रेश क्रीम साधारण पंचवीस टक्क्यांचं असतं. ते मधलं प्रकरण. शेवटी घालून मंद आचेवर ठेवलं तर चालतं, खळाखळा उकळलं तर भरवसा नाही.

कोणते पर्याय होते

घड्याळात चार पन्नास. ओट्यापाशी उभ्या उभ्या चार गोष्टी बोलल्या गेल्या.

पहिली सूनबाईची: आहे तेच मिक्सरमधून फिरवून, गाळून, थोडं कॉर्नफ्लोअर लावून सावरायचं. दिसायला ते बहुधा जमलं असतं. मी चमचाभर वाटीत घेतलं आणि चाखलं. आधी आंबट, मग जिभेच्या मागच्या बाजूला रेंगाळणारा जळका कडूपणा. फुटलेलं जोडता येतं, गुठळ्या गाळता येतात, जळकेपणा मात्र कशानेही निघत नाही. साखर घातली तर कडू-गोड होतं, साय घातली तर कडू साय. पातेलं बाजूला केलं.

दुसरी मुलाची: दुकानातून तयार सोसचं पाकीट. दुकान दहा मिनिटांच्या अंतरावर, रविवारीही उघडं. पण त्या पुड्यांमध्ये कुठल्या प्राण्याचा अर्क आहे ते बारीक अक्षरांत वाचत बसावं लागलं असतं, आणि त्या घरात वाचता येणारी व्यक्ती नऊ वर्षांची.

तिसरी माझी: ग्रेव्ही सोडून द्या. गोळे, बटाटा, लोणी, लिंगोन, काकडी. पाहुण्यांना काही वावगं वाटलं नसतं. खरं सांगायचं तर मला हाच पर्याय शहाणपणाचा वाटत होता आणि मी तसा आग्रहही धरला.

चौथी सासूबाईंची: पुन्हा करा. त्यांचा मुद्दा साधा होता. वाटीभर खिमा अजून वळायचा राहिला होता. ‘तो स्वच्छ भांड्यात परता. भांड्याला जे खरपूस धरेल त्याचीच करा. पहिल्यांदा पण तेच करायचं होतं ना?’

निर्णय असा ठरला: चौथा पर्याय करून बघायचा, साडेपाचपर्यंत जमलं नाही तर तिसरा आहेच. मुलाला दुकानात पाठवलं. या वेळी यादी फोनवर नाही, नातीने कागदावर लिहून दिलेले तीन शब्द: विस्पग्रेद्दे, कोंबडीच्या स्टॉकची वडी, आणि लोणी. कागद दुकानदाराला दाखवायचा, कपाटात शोधायचं नाही.

काय केलं

मुलगा परत येईपर्यंतची वीस मिनिटं फुकट गेली नाहीत. नॉनस्टिक तवा धुवायला टाकला आणि साताऱ्याहून आलेली जाड बुडाची स्टीलची कढई काढली. नॉनस्टिकला काही चिकटत नाही, आणि ग्रेव्हीसाठी आपल्याला थोडं चिकटायलाच हवं असतं. उरलेल्या खिम्याचे बारा-तेरा गोळे मध्यम आचेवर, थोडं जास्त लोणी घालून, गर्दी न करता परतले. काढले तेव्हा कढईच्या तळाला तांबूस पापुद्रा धरला होता. त्यावर अर्धी वाटी पाणी, लाकडी उलथन्याने खरवडणं, आणि ते पाणी एका वाटीत. इथे मी सूनबाईला चमचा दिला. तिने सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाई म्हणाल्या, ‘नैवेद्य नाहीये हा. बघ चाखून.’ पाणी खारट, खमंग, कुठेही कडू नाही. पुढे जायला हरकत नव्हती.

फॉन्दची जागा कशाने भरायची हा प्रश्न उरला होता. चिकनच्या खिम्याचा रस हलका असतो, नुसती वडी टाकली तर सोस पाकिटातल्या सूपसारखी लागते. फ्रीजरमध्ये सप्टेंबरातल्या कान्तारेल होत्या. त्या छोट्या कांद्याबरोबर दुसऱ्या भांड्यात पाणी आटेपर्यंत परतल्या, मग त्यात पाणी आणि मुलाने आणलेली कोंबडीची वडी घालून पाच मिनिटं उकळवलं आणि गाळून घेतलं. अळंब्या एका वाटीत वेगळ्या ठेवल्या. कढईचं खरवडलेलं पाणी यातच मिसळलं. सगळं मिळून सहा डेसीलिटर, म्हणजे सहाशे मिलीलिटर. स्वीडनमध्ये सगळं डेसीलिटरवर मोजतात. मापाचं भांडं घेतलं की वाटी-चमच्याचा घोळ राहत नाही.

आता पीठ. ५० ग्रॅम लोणी, ५० ग्रॅम मैदा. मैदा साधारण सहा सपाट टेबलस्पून. लोणी वितळून फेस बसल्यावर मैदा एकदम घातला आणि मध्यमहून कमी आचेवर परतत राहिलो. आधी कच्च्या पिठाचा वास, मग काहीच नाही, आणि पाचेक मिनिटांनी सासूबाई दारातून म्हणाल्या, ‘नानकटाईचा वास आला, पुरे.’ त्यांचं नाक घड्याळापेक्षा बरोबर होतं. रंग फिकट बदामी झाला होता. याहून पुढे नेला असता तर रंग छान आला असता, पण पीठ जितकं जास्त भाजावं तितकी त्याची दाट करण्याची ताकद कमी होते. मग जास्त पीठ लागतं. आम्ही बदामीवर थांबलो आणि उरलेला रंग सोया सोसवर सोपवला.

कढई आचेवरून खाली घेतली. गाळलेलं पाणी कोमट झालं होतं. त्यातली एक पळी घातली आणि घोटली. गोळा झाला. घाबरायचं नाही, तो होतोच. दुसरी पळी, पुन्हा घोटणं. तिसऱ्या पळीला गोळा सैल झाला, चौथीला पेजेसारखा. त्यानंतर उरलेलं एकदम. एकही गुठळी नाही, कारण या वेळी पिठाच्या कणाकणाला आधीच लोणी लागलेलं होतं. ते एकमेकांना चिकटण्याआधी पाणी मधे शिरलं.

मग आच, सतत ढवळणं, एक उकळी, आणि मंद आचेवर सात-आठ मिनिटं. ही मिनिटं घाईत कापली जातात आणि मग सोस जिभेवर पिठूळ लागते. त्यानंतर अडीच डेसीलिटर विस्पग्रेद्दे, दोन चहाचे चमचे काळा सोया, चिमूट पांढरी मिरी. पुन्हा दोन-तीन मिनिटं. मीठ घातलंच नाही, वडी आणि सोया यांचं पुरलं. शेवटी अर्धा चमचा लिंगोनचा जॅम सोसमध्येच. इथे लोक बेदाण्याएवढ्या विनबार फळाची जेली घालतात, ती घरात नव्हती. आंबटपणा घालायचा तर तो असा, शेवटी आणि थोडा.

मापांबद्दल एक तुलना. आयकियाने २०२० साली, लॉकडाऊनच्या काळात, आपल्या मीटबॉलची घरगुती कृती जाहीर केली होती. तिच्यात ४० ग्रॅम लोणी आणि ४० ग्रॅम मैद्याला ३०० मिली स्टॉक आणि १५० मिली घट्ट क्रीम होतं, शिवाय सोया आणि चमचाभर दीजों मोहरी. ते माप बरंच दाट आहे. आमचं त्याहून पातळ, चमच्याच्या पाठीला चिकटेल पण साचून राहणार नाही इतपत. बटाटा उकडलेला आणि अख्खा असेल तर दाट बरी, कुस्करलेला असेल तर पातळ बरी, असं माझं मत आहे. आमचा कुस्करलेला होता.

पाच अठ्ठावीसला बेल वाजली. दोन मिनिटं लवकर.

पाहुण्यांचे बूट, कोट, गप्पा यांत पंधरा मिनिटं गेली. परत येऊन बघते तो ग्रेव्हीवर जाड साय धरलेली आणि खालचा भाग पिठल्याएवढा घट्ट. स्टार्चची सोस ठेवली की घट्ट होतेच, हे माहीत असूनही मी झाकण ठेवायला विसरले होते. बटाटे उकडलेलं पाणी अजून फेकलं नव्हतं. ते गरम, अर्धी वाटी, घोटून घातलं. स्वीडिश घरांत हे पाणी सोससाठी मुद्दाम राखून ठेवतात.

निकाल

सहाच्या पुढे पानं बसली, म्हणजे अर्धा तास उशिरा. ग्रेव्ही मऊ होती, चव बरी होती. रंग मात्र हवा तितका तपकिरी आला नाही, थोडा राखट राहिला. अळंब्यांमुळे तिची चव नेहमीच्या सोसपेक्षा वेगळी, रानातली लागत होती. शेजारच्या काकांनी दोनदा घेतली. वेगळ्या ठेवलेल्या कान्तारेल शेजारणीने आपल्याकडे ओढल्या. साडेआठ डेसीलिटरपैकी दीड-दोन उरली.

नातीने ताट चाटून पुसून संपवलं आणि वर जाहीर केलं की शाळेतली जास्त चांगली असते. सासूबाईंनी दोन घास खाल्ले आणि मला हळूच म्हणाल्या, ‘आजारी माणसाला द्यावी तशी आहे ग.’ लिंगोन मात्र त्यांना एकदम आवडलं. ‘करवंदाच्या मुरंब्याची धाकटी बहीण’ असं म्हणत त्यांनी वाटी जवळ घेतली.

जेवणानंतरची गोष्ट मला जास्त मोलाची वाटली. सूनबाईने धीर करून शेजारणीला विचारलं, तुम्ही ही सोस कशी करता? बाईंनी झाकणाची रिकामी काचेची बरणी मागितली. त्यात थंड दूध, दोन चमचे मैदा, झाकण घट्ट, आणि जोरजोरात हलवणं. याला त्या रेदनिंग म्हणाल्या. तव्यातल्या उकळत्या रसात हे दूध धार धरून ओतायचं आणि ढवळायचं. लोण्यात पीठ भाजणं वगैरे त्यांच्या आईने कधी केलं नव्हतं.

सासूबाई बघत होत्या. भाषा एक अक्षर कळत नव्हती. बरणी हलायला लागली तशी त्या म्हणाल्या, ‘ही तर कढीच झाली. पीठ थंडात कालवायचं आणि मग तापवायचं.’

काय वेगळं करता आलं असतं

पहिली फाट्याची जागा दुकानात होती. दुधाच्या कपाटात नाव नाही, टक्केवारी वाचावी. टक्क्यांचा आकडा सगळ्या भाषांत सारखाच असतो. छत्तीस-चाळीस दिसलं तर निर्धास्त. पंधराचं स्वयंपाकाचं क्रीम, मातलागनिंग्सग्रेद्दे, चालतं, पण आंबट पदार्थ घालताना जपून. बारा आणि ‘फील’ दिसलं की ते पानात वाढायचं, पातेल्यात नाही. आणि ज्या घरात अमुक प्राणी चालत नाही तिथे बाटलीवरचा शब्द दुकानातच फोनवर तपासायला हवा होता. नात त्या वेळी ओट्यापाशी आली नसती तर हे प्रकरण फुटलेल्या ग्रेव्हीचं राहिलं नसतं.

दुसरी जागा तव्यावर. दोन घाण्यांच्या मधे तवा कागदाने पुसणं अर्ध्या मिनिटाचं काम. नाहीतर प्रत्येक घाण्यानंतर चमचाभर पाण्याने तळ सोडवून ते पाणी वाटीत साठवणं. मला हे दुसरं जास्त पसंत आहे. तिसरा घाणा जळला तरी पहिल्या दोघांचा खमंगपणा वाटीत सुखरूप राहतो.

तिसरी, आणि हुकली तिचीच मला हळहळ वाटते: तळ खरवडल्यावर ते पाणी चाखणं. त्या क्षणापर्यंत खर्च झाला होता तो फक्त वाटीभर पाण्याचा. तिथे कडू लागलं असतं तर पाणी ओतून दिलं असतं आणि वडी, मैदा, ग्रेदफील सगळं वाचलं असतं. न चाखण्याची सवय मी चूक म्हणणार नाही. माझ्या आजीचा स्वयंपाक असाच चालायचा आणि तिच्या भाजीत मीठ कमी-जास्त झाल्याचं मला आठवत नाही. पण वेगळ्या वाटीत, वेगळ्या चमच्याने घेतलं तर उष्टंही होत नाही.

चौथी जागा माझी स्वतःची. मी तिसऱ्या पर्यायाचा आग्रह धरला होता, आणि वेळेच्या हिशेबाने तो बरोबरच होता. आम्ही जिंकलो ते थोडं नशिबाने: वाटीभर खिमा उरला होता, दुकान उघडं होतं, कान्तारेल फ्रीजरमध्ये होत्या. यातलं एक जरी नसतं तरी पुन्हा करायला बसणं हा हट्ट ठरला असता. आणि पुन्हा करायचंच होतं तर भाजलेल्या पिठाची लांबची वाट धरायला नको होती. बरणीच्या वाटेने दहा मिनिटं वाचली असती. मला ती पद्धत माहीत होती, पण ‘पाहुण्यांसाठी’ म्हणून मी थाटाची पद्धत निवडली. पाहुणीच घरी बरणी वापरते हे मला नंतर कळलं.

दोन्ही पद्धतींत फरक आहेच. भाजलेल्या पिठाच्या सोसला गोडसर, खमंग चव असते आणि ती दुसऱ्या दिवशी गरम केली तरी टिकते. बरणीची सोस फिकट, दुधाळ, आणि किमान पाच मिनिटं उकळली नाही तर कच्ची लागते. आठ माणसं आणि निवांत दुपार असेल तर मी पहिली करेन. शाळेतून आलेलं मूल आणि चार माणसं असतील तर दुसरी.

काल्वफॉन्दची न उघडलेली बाटली शेजारीण घेऊन गेली. पुढच्या आठवड्यात तिने बदल्यात घरच्या लिंगोनची बरणी आणून दिली. त्यानंतरच्या बुधवारी सूनबाईने एकटीने सोस केली: दोन डेसीलिटर कोंबडीचा स्टॉक, एक डेसीलिटर साय, बरणीत हलवलेलं एक डेसीलिटर दूध आणि तीन चमचे मैदा. बारा मिनिटं लागली असा तिचा निरोप आला. सासूबाईंनी आपल्या वाटीत वरून तुपाची, लसणाची आणि सुक्या मिरचीची फोडणी घालून घेतली, असंही त्यात होतं.